मिरचीचे माहेर आणि आंब्याची सफर



या व्यासपीठावर गेले कित्येक दिवस राज्यघटना, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्याच ठिकाणी आज मी एका कोशिंबिरीवर बोलायला उभा आहे. संयोजकांना 'आंब्याची साल्सा' हा विषय कळवला तेव्हा त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले, 'म्हणजे तो नाचाचा प्रकार ना?' साल्सा नावाचा नाच आहे, नाही असे नाही. परंतु या वयात मी तो करून दाखवणार नाही, एवढे आश्वासन प्रारंभीच देऊन ठेवतो.

विषय सुचला तो असा. काही वर्षांपूर्वी पुतणीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. एका रविवारी दुपारी तिने पानात एक पदार्थ वाढला. पिकलेल्या परंतु घट्ट आंब्याच्या बारीक फोडी, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ. मी म्हणालो, 'अगं, ही तर आपली कोशिंबीर. दही घालायला विसरलीस.' ती म्हणाली, 'काका, ही साल्सा. मेक्सिकोची.' मी म्हटले, 'आंबा आपला, लिंबू आपले, कोथिंबीर आपल्या परसातली. मेक्सिकोचे यात काय आहे?' ती शांतपणे म्हणाली, 'मिरची.' माझे तोंड बंद झाले. काही अंशी तिच्या उत्तराने, आणि बरेचसे त्या मिरचीने.

तेव्हापासून या वाटीभर पदार्थाने माझा पिच्छा पुरवला आहे. आंबा पूर्वेचा आणि मिरची पश्चिमेची. दोघांच्या जन्मस्थानांत अर्ध्या पृथ्वीचे अंतर, आणि १४९२ पूर्वी या दोघांची गाठ जगात कोठेही पडलेली नव्हती. मग ती पडली कशी, आणि कोणाच्या जिवावर पडली, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम शब्द पाहू. 'साल्सा' हा स्पॅनिश शब्द. लॅटिनमध्ये 'साल' म्हणजे मीठ, आणि 'साल्सा' म्हणजे मीठ लावलेली. आपले 'लोणचे' जसे लवणावरून आले तसेच हे. शब्द स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत गेला. पदार्थ मात्र त्यांच्या आधीपासून तेथे होता. तेथील नाहुआत्ल भाषेत वाटून केलेल्या कालवणाला 'मोल्ली' म्हणत. मिरचीची ती 'चिलमोल्ली', आवाकात्ल या फळाची ती 'आवाकामोल्ली'. हीच पुढे स्पॅनिश जिभेवर 'ग्वाकामोले' झाली. टोमॅटोचे मूळ नाव 'तोमात्ल' आणि मिरचीचे 'चिल्ली'. जगातल्या बहुतेक भाषांनी हे शब्द थोडाफार फेरफार करून उचलले. आपण टोमॅटो तेवढा घेतला. आमच्या आजीच्या तोंडी त्याचे नाव बेलवांगे होते, आणि ते तिने आपल्या स्वयंपाकघरात शेवटपर्यंत येऊ दिले नाही, कारण त्याचा रंग तिला बरा वाटत नसे. मिरचीला मात्र तिने कधी परकी म्हटले नाही. त्याकडे पुढे येतो.

स्पॅनिश सेनापती एर्नान कोर्तेस १५१९ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. तेनोच्तित्लान ही राजधानी सरोवरात वसलेली होती आणि तिच्या शेजारीच त्लातेलोल्को येथे बाजार भरत असे. कोर्तेसने १५२० साली आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रात या बाजारात रोज साठ हजारांहून अधिक माणसे घेण्यादेण्यासाठी जमतात असे कळवले आहे. विजेत्याचे आकडे जरा हात राखून घ्यावेत हे खरे. पण बाजार पाहून ते लोक दिपून गेले होते यात संशय नाही. त्याच मोहिमेतला एक शिपाई, बेर्नाल दियास देल कास्तियो, म्हातारपणी आठवणी लिहायला बसला. चोलुला या गावचे लोक आपल्याला मारून खाण्याच्या बेतात होते आणि त्यासाठी मीठ, मिरची व टोमॅटो घातलेली भांडी त्यांनी तयार ठेवली होती, असे तो सांगतो. चोलुलात स्पॅनिशांनी जी कत्तल केली तिचे समर्थन त्याला करायचे होते, हे ध्यानात ठेवून हे वाक्य वाचले पाहिजे. आपल्या उपयोगाचे त्यात एवढेच की, मीठ, मिरची आणि टोमॅटो हे त्रिकूट १५१९ साली तेथे घरोघरचे होते. खोटे बोलणाराही मसाला खराच सांगतो.

१३ ऑगस्ट १५२१ रोजी राजधानी पडली. त्यानंतर आठ वर्षांनी, १५२९ साली, बेर्नार्दिनो दे साहागून नावाचा एक फ्रान्सिस्कन पाद्री मेक्सिकोत आला. धर्मप्रसार हा त्याचा हेतू. त्यासाठी या लोकांचे देवधर्म, चालीरीती, औषधे, शिव्या, म्हणी सारे समजून घ्यावे असे त्याला वाटले. त्लातेलोल्को येथेच १५३६ साली मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी एक विद्यालय निघाले होते. तेथे लॅटिन शिकलेले अंतोनियो व्हालेरियानो, मार्तीन हाकोबिता यांच्यासारखे नाहुआ तरुण साहागूनला साहाय्यक म्हणून मिळाले. ते म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे जात, विचारत आणि त्यांच्याच भाषेत उतरवून घेत. अनेक वर्षांच्या या उद्योगातून बारा भागांचा एक सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. त्याची प्रत आज इटलीत फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे.

या ग्रंथाच्या दहाव्या भागात बाजारातल्या विक्रेत्यांची वर्णने आहेत, आणि माझ्या मते साऱ्या ग्रंथात ती सर्वांत जिवंत आहेत. टोमॅटो विकणारा मोठे टोमॅटो विकतो, बारके विकतो, पातीचे विकतो, गोड विकतो. पिवळे, लाल, लालभडक, पहाटेच्या रंगाचे विकतो. वाईट विक्रेता कोणता? तो डागाळलेले, ठेचाळलेले, पोट बिघडवणारे, घसा खरवडणारे कच्चे टोमॅटो गळ्यात मारतो. मिरचीवाल्याचेही तसेच. चांगल्याकडे पिवळी, हिरवी, धुरावर सुकवलेली, अमुक गावची, तमुक प्रांताची अशी मिरची असते. वाईटाकडे कुबट, पोचट, ओल्या जमिनीत वाढलेली आणि मुळी झोंबतच नाही अशी. आपल्याकडे शंकेश्वरी, ब्याडगी, लवंगी म्हणून जी पारख चालते तीच ही. पुढे तयार कालवणे विकणारा येतो. त्याच्याजवळ मोठ्या टोमॅटोची, छोट्या टोमॅटोची, धुरकट मिरचीची, भोपळ्याच्या बिया वाटून घातलेली अशी नाना तऱ्हेची मोल्ली असते. सकाळी मंडईत जाऊन आलेल्या कोणत्याही गृहिणीने ही पाने वाचावी. चारशे वर्षांचे अंतर तिला जाणवणार नाही.

पण ही पाने कोणत्या दिवसांत लिहिली गेली ते पाहा. स्पॅनिशांबरोबर त्यांचे रोगही आले होते. १५४५ च्या साथीत एकट्या त्लातेलोल्कोत आपण दहा हजारांवर प्रेते पुरली असे साहागूनने स्वतः नोंदवले आहे. ग्रंथाची शेवटची प्रत तयार होत असताना १५७६ साली दुसरी भयंकर साथ आली. विद्यालय ओस पडत चालले. आरंभीच्या भागांतली चित्रे रंगीत आहेत. शेवटाकडे रंग नाहीसे होतात आणि नुसत्या काळ्या रेघा उरतात. रंग आणणारे आणि करणारे राहिले नव्हते, असे अभ्यासक याचे कारण देतात. बाहेर माणसे मरत आहेत आणि आत चारदोन पोरे झोंबणारी मिरची कोणती आणि न झोंबणारी कोणती हे मन लावून लिहीत आहेत. मला तर वाटते, आपले जग नाहीसे होत आहे हे त्यांना कळले होते म्हणूनच ती इतक्या बारकाईने लिहीत होती. एवढे करून १५७७ साली राजा दुसरा फिलिप याने हुकूम काढला की या पाद्र्याचे सारे लेखन गोळा करून स्पेनला पाठवावे आणि मूळच्या लोकांच्या जुन्या चालीरीतींवर कोणीही काही लिहू नये. साहागून १५९० साली मेक्सिकोतच वारला. आपला ग्रंथ छापलेला त्याने पाहिला नाही.

देवळे पाडली गेली, पोथ्या जळल्या, ग्रंथ जप्त झाले. मोल्ली मात्र जप्त करता आली नाही. ती बायकांच्या हातात होती, आणि एका दगडात होती.

त्या दगडाचे नाव 'मोलकाहेते'. मूळ शब्द 'मोलकाशित्ल', म्हणजे मोल्लीचे वाडगे. तीन बुटके पाय असलेला काळ्या दगडाचा खोलगट खल, आणि त्यात फिरवायला मुठीएवढा दगडी बत्ता, त्याचे नाव 'तेहोलोते'. धान्य वाटायला निराळा सपाट पाटा असतो, तो 'मेताते'. पुतणीच्या ओट्यावर मी मोलकाहेते पाहिला तेव्हा माझा हात आपोआप त्यावरून फिरला. तो ज्वालामुखीचा दगड होता, बारीक छिद्रांचा. आपले पाटे-वरवंटे, जाती, उखळे ज्या काळ्या पाषाणाची तो सह्याद्रीचा दगडही लाव्हाचाच. दोन्ही भूमींना हे देणे जमिनीच्या पोटातून मिळाले आणि दोन्हीकडच्या बायकांनी त्याचे एकच केले. नवा मोलकाहेते प्रथम तांदूळ आणि मीठ वाटून वाटून साफ करतात, खर निघून जाईपर्यंत. नवा पाटा आपण वापरात घेतो तसाच. 'गुळगुळीत झाला की टाकी लावून घे हो,' मी म्हणालो. 'न्यू जर्सीत पाथरवट कुठून आणू?' असे ती म्हणाली आणि तो प्रश्न रास्त होता.

वाटण्यात आणि चिरण्यात फरक आहे. दगडाखाली मिरची व टोमॅटो चिरडले की रस, गर आणि तिखटपणा एकजीव होतो. सुरीने चिरले तर प्रत्येक तुकडा आपली चव राखून असतो. मेक्सिकोत दोन्ही प्रकार आहेत. चिरलेल्या कच्च्या साल्सेला 'पिको दे गायो' म्हणतात, म्हणजे कोंबड्याची चोच. नाव का पडले याच्या अनेक गमती सांगतात, एकीलाही पुरावा नाही. युकातान प्रांतात फार तिखट मिरची आणि आंबट संत्र्याचा रस घालून एक साल्सा करतात, तिचे माया भाषेतले नाव 'कुत्र्याचे नाक' असे आहे. ती खाल्ल्यावर आपल्या नाकाची जी अवस्था होते तिच्यावरून हे नाव पडले, हे तज्ज्ञाने सांगण्याची गरज नाही.

आता या वाटीतले पाहुणे. कांदा, कोथिंबीर आणि लिंबू हे मेक्सिकोचे नव्हेत. ते अटलांटिकपलीकडून गेले. लिंबाच्या जातीचे मूळ आपल्या बाजूला, पूर्वेकडे. अरबांनी ते स्पेनपर्यंत नेले आणि कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत संत्र्या-लिंबांच्या बिया जहाजावर होत्या. कोथिंबीर भूमध्यसमुद्राच्या आसपासची. तीही मुळात आपली नव्हे, हे कळले तेव्हा मला थोडे वाईट वाटले. तेव्हा १५९० साली होसे दे आकोस्ता हा जेझुइट लेखक मिरचीला टोमॅटोची जोड दिली म्हणजे रुचकर साल्सा होते असे लिहितो, त्या सुमारास जुने आणि नवे जग एका वाटीत कालवले जाऊ लागले होते. उणीव होती ती आंब्याची.

आंब्यासाठी आपल्याला घराकडे यावे लागेल, म्हणजे गोव्याला. १५१० साली गोवे पोर्तुगीजांकडे गेले. १५३४ साली गार्सिया द ओर्ता हा वैद्य तेथे आला आणि १५६३ साली गोव्यातच त्याने वनौषधींवरचा आपला संवादरूप ग्रंथ छापला. त्याच्याकडे मुंबई बेट खंडाने होते आणि तेथे आपल्या वाडीत वर्षातून दोनदा फळणारे आंब्याचे झाड आहे, असे तो अभिमानाने सांगतो. आंब्यावर त्याने प्रकरणच लिहिले आहे. त्यात आंबा साखरेत मुरवतात, मिठात घालतात, आणि आत आले-लसूण भरून तेल, व्हिनेगर व मीठ यांत लोणचेही घालतात, असे आहे. श्रोतेहो, भरल्या कैरीच्या या लोणच्यात काय नाही ते आपल्या ध्यानात आलेच असेल. मिरची नाही. साऱ्या ग्रंथात मिरचीवर एकही प्रकरण नाही. अकबराच्या दरबारातल्या 'ऐन-इ-अकबरी'त स्वयंपाकाच्या जिनसांच्या याद्या आहेत. त्यांत मिरे आहे, आले आहे, अमेरिकेहून आलेला अननससुद्धा आहे, पण मिरची नाही. या ओर्ताच्या हाडांचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. तो जन्माने ज्यू वंशाचा. १५८० साली, मेल्यावर बारा वर्षांनी, धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. मिरचीचे वर्णन लिहिणाऱ्याचा ग्रंथ जप्त व्हावा आणि आंब्याचे वर्णन लिहिणाऱ्याची हाडे जळावीत, तेही तीन वर्षांच्या अंतराने. असो.

मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली आणि पश्चिम किनाऱ्यावरून घाट चढली. कोलंबसाने १४९३ च्या जानेवारीत आपल्या रोजनिशीत तिची नोंद केली होती. तो निघाला होता मिऱ्यांच्या शोधात, सापडली मिरची. तिलाच तो तिकडचे मिरे म्हणाला. आपणही तेच केले. मिऱ्यावरून मिरची, आणि कोकणीत मिरसांग. ज्ञानेश्वरी १२९० साली पुरी झाली. ज्ञानदेवांच्या पानातला तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा होता. आज 'तिखट' हा शब्द उच्चारला की चवीआधी मिरचीची पूड डोळ्यांपुढे येते. चवीचे नाव त्या पाहुणीने बळकावले.

आणि आता आजीचा उपास. आपल्या एकादशीच्या पानात काय असते? साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. बटाटा, रताळे, भुईमूग आणि मिरची ही सारी त्याच खंडांतली. म्हणजे पाचही परदेशी मंडळी सोवळ्यात बसतात आणि ज्याला आपण युगानुयुगे ओळखतो तो कांदा दाराबाहेर! मौज अशी की, मिरचीच्या माहेरी उपासाचा अर्थच मुळी मीठ आणि मिरची वर्ज्य करणे असा होता. एक चाल मात्र दोन्हीकडे आहे. स्पॅनिश विजयानंतर वीसेक वर्षांनी तयार झालेल्या मेंदोसा पोथीत, अकरा वर्षांच्या खोडकर मुलाला बाप मिरच्यांची धुरी देत आहे असे चित्र आहे. धुरीचा हा धाक आपल्याकडेही ऐकिवात आहे, आणि आपण तर मिरच्या जाळून दृष्टही काढतो. या चाली कोणी कोणाला शिकवल्या असे मला वाटत नाही. मिरची आणि निखारा एका घरात असले की असले शोध आपोआप लागतात.

आंब्याने उलट वाट धरली, आणि एक नव्हे, तीन वाटा. पहिली प्रशांत महासागराची. १५६५ साली फिलिपाइन्सहून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदराला परतीचा जलमार्ग सापडला आणि मग १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, मनिलाची गलबते ये-जा करीत राहिली. रेशीम, चिनी भांडी, मसाले आणि माणसे. याच मार्गाने आंबा गेला. मेक्सिकोतल्या एका आवडत्या जातीला अजूनही 'मनिला' हेच नाव आहे. माणसे म्हणालो त्यांतली एक हिंदुस्थानची होती. मिर्रा नावाची मुलगी. तिला चाच्यांनी पळवली, कोचीन, मनिला असे करीत ती १६२० च्या सुमारास आकापुल्कोला उतरली आणि प्वेब्ला शहरात एका कप्तानाच्या घरी दासी झाली. तिचे नाव कातारिना दे सान हुआन ठेवले. १६८८ साली ती वारली तेव्हा सारे शहर तिला संत मानून दर्शनाला लोटले होते. आंब्याच्या कोयीचा प्रवास सांगताना आपण 'गेला', 'रुजला' असे सहज म्हणतो. त्याच जहाजांच्या तळाशी माणसेही विकत घेतलेली होती.

दुसरी वाट वेस्ट इंडीजची. १७८२ साली इंग्रज आरमाराने मॉरिशसकडून येणारे एक फ्रेंच जहाज पकडले. त्यावर रोपे होती, त्यांत आंबा होता, आणि तो जमैकात लावला गेला. हे एका वाक्यात संपते.

तिसरी वाट ऐकताना पुणेकर असतील त्यांनी जरा सावरून बसावे. १८८९ साली अमेरिकेच्या शेतकी खात्याने पुण्याहून आंब्याची कलमे मागवली आणि ती फ्लोरिडात लावली. त्यांत मुलगोबा जातीचे कलम होते. १८९४-९५ च्या हिवाळ्यात असे हिम पडले की बहुतेक कलमे मेली. मुलगोबाचे एक झाड वाचले आणि १८९८ साली फळले. त्याच्या चारएक डझन कोयी १९०२ साली कॅप्टन हेडन नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याने आपल्या वाडीत लावल्या. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याची विधवा पत्नी फ्लॉरेन्स हिने ती रोपे वाढवली आणि १९१० साली त्यांतल्या एकाला लालसर गालांची, तोवर अमेरिकेत कोणी न पाहिलेली फळे आली. नवऱ्याचेच नाव तिने त्याला दिले. या हेडनचा वंश पुढे मेक्सिकोतही पसरला. मेक्सिकोहून अमेरिकेच्या दुकानांत जाणारा 'टॉमी ॲटकिन्स' हा त्याच घराण्यातला. हिंदुस्थानचा आंबा अमेरिकेत उतरू लागला तो २००७ साली. त्याआधी तिकडे गेलेली आपली मुले वर्षानुवर्षे मेक्सिकोचा आंबा खात आणि 'हापूसची सर नाही' म्हणून उसासे टाकत. त्या बेचव आंब्याची पणजी पुण्याहून गेली होती, हे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी पुण्याबाहेरच्यांनी त्यात नवल मानले नसते.

तर मग फळांची साल्सा खरी मेक्सिकन की अमेरिकेतल्या हॉटेलांनी काढलेले खूळ? या प्रश्नावर तिकडेही वाद होतो. बाटलीतली साल्सा अमेरिकेत मोठा धंदा झाली. टेक्सासातल्या सान अंतोनियो शहरात १९४७ साली डेव्हिड पेस याने ती विकायला आरंभ केला, आणि १९९० नंतर तिने विक्रीच्या रकमेत टोमॅटो केचपला मागे टाकले. त्यात आंबा, अननस, पीच घालून नवनव्या चवी आल्या हे खरे. पण मेक्सिकोच्या हालिस्को प्रांतात 'पिको दे गायो' म्हटले की संत्रे, काकडी, हिकामा नावाचा पाणीदार कंद अशा फोडींवर लिंबू, मीठ आणि तिखट भुरभुरून पुढे येते. रस्त्यावर कापलेल्या आंब्यावर तिखट-मीठ टाकून खाणे तर तेथे सर्रास आहे, जसे आपल्या शाळेच्या फाटकाशी कैरीच्या फोडींचे. म्हणून हे खूळ आहे असे मी म्हणणार नाही. गोव्या-कोकणात पिकल्या रायवळ आंब्याचे सासव करतात, त्यात मोहरी, नारळ, गूळ आणि लाल मिरची असते. त्यातली मिरची काढा असे कोणाला सांगून पाहा. चारशे वर्षांपूर्वी ती त्यात नव्हती हा पुरावा त्या घरात चालणार नाही, आणि चालू नये.

आता कृती. मी स्वतः करतो, म्हणून अधिकाराने सांगतो.

आंबा पिकलेला पण हाताला घट्ट लागणारा घ्यावा. हापूस फार मऊ, त्याचा रस होतो. तो रसासाठीच राहू द्यावा. केशर किंचित कमी पिकलेला, किंवा तोतापुरी, उत्तम. दोन आंबे असतील तर एक लहान कांदा, एक-दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, एका लिंबाचा रस. टोमॅटो घालायचा तर एकच, बिया काढून, नाहीतर पाणी फार सुटते. आंब्याऐवजी अननस, पपई, पेरूही चालतो; कलिंगड घेतले तर ताबडतोब खावे.

कांदा आधी बारीक चिरून थंड पाण्यात पाच मिनिटे ठेवावा आणि निथळावा, उग्रपणा जातो. मिरचीचा तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत असतो. घरात मुले असतील तर ती शीर काढून टाकावी. हा तिखटपणा ज्या द्रव्याचा त्याला १८७६ साली थ्रेश या इंग्रज रसायनज्ञाने कॅप्सेसिन हे नाव दिले. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून तोंड भाजल्यावर पाण्याचा तांब्या व्यर्थ. दही किंवा दूध घ्यावे. आणि मिरची खरोखर भाजत नाही. जिभेवरच्या ज्या मज्जातंतूंना चटक्याची खबर लागते त्यांनाच हे द्रव्य फसवते. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी ही खबर घेणारे द्वार शोधून काढले. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता. पक्ष्यांना ही फसवणूक लागू पडत नाही; पोपट मिरची मजेत खातो ते त्यामुळे.

मिरची, कांदा, मीठ आणि लिंबाचा रस प्रथम एकत्र करून थोडे चेपावे. घरी खलबत्ता असेल तर एवढाच भाग त्यात ठेचावा. मग आंब्याच्या फोडी घालून हलक्या हाताने खालीवर करावे, आणि कोथिंबीर शेवटी. पाव तास झाकून ठेवावे. मिठाने फळाला पाणी सुटते, त्या रसातच सगळ्या चवी एकमेकींना भेटतात. फार वेळ ठेवली तर फोडी लिबलिबीत होतात. ती त्याच दिवशी संपवावी. बरणीत भरून ठेवायचे हे लोणचे नव्हे. मेक्सिकोत ती मक्याच्या भाकरीबरोबर खातात. आपल्या ज्वारीच्या भाकरीबरोबर ती छान लागते आणि भाजलेल्या पापडाबरोबर त्याहून छान.

संयोजकांच्या घरच्या मंडळींनी आज दुपारी पाच डझन आंबे चिरले आहेत, त्यांचे मी आपल्या सर्वांच्या वतीने आभार मानतो. बाहेर पडताना दाराशी दोन पातेली दिसतील. डावीकडचे सौम्य आहे. उजवीकडच्यात मिरचीच्या शिरा तशाच ठेवल्या आहेत, आणि शेजारी ताकाचा माठ आहे.